कागदाचं दुसरं टोक

मी लॅबमध्ये काम करते असं सांगितलं की लोक लगेच रक्त, लघवी, साखर यांवर येतात. आमच्या खांदेश्वरच्या सोसायटीतल्या एका बाईंनी तर लिफ्टमध्येच थायरॉइडचा रिपोर्ट काढून माझ्यापुढे धरला. "बघा ना जरा, जास्त आहे का?" मी म्हटलं, "मी पावडरी तपासते." त्यांनी तोंडावर लावायची पावडर असा अर्थ घेतला आणि चौथ्या मजल्यावर उतरून गेल्या. तेव्हापासून त्या मला नमस्कार करतात, पण रिपोर्ट दाखवत नाहीत.

तर, मी पावडरी तपासते. रबाळ्याच्या एमआयडीसीत आमची छोटी खासगी लॅब आहे, दुसऱ्या मजल्यावर. औषधाची पावडर, रंगाची पावडर, हळद, खडू, काहीही येतं. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: यातला कण केवढा आहे? गोळी पोटात किती वेळात विरघळते, रंग भिंतीवर कसा बसतो, हे बरंचसं कणाच्या आकारावर ठरतं. मशीन त्या कणांवर लेझरचा प्रकाश सोडतं, प्रकाश किती विखुरला ते मोजतं आणि त्यावरून एक आलेख काढतं. शाळेत याला आयतालेख म्हणायचे, आम्ही हिस्टोग्राम म्हणतो. पीटीच्या तासाला मुलं उंचीनुसार उभी करतात ना, तसंच आहे हे. बुटके डावीकडे, उंच उजवीकडे. ज्या उंचीची मुलं जास्त, तिथे रांग लांब होते. आलेखात तिथे उंचवटा दिसतो. चांगल्या दळलेल्या पावडरीला एकच उंचवटा असतो. दोन उंचवटे दिसले की कुठेतरी गडबड आहे.

एका नमुन्याचा आलेख काढणं कठीण नाही. कस लागतो तो दोन नमुन्यांची तुलना करताना. मी कामाला लागले तेव्हा मशीन आलेख पातळ कागदावर छापून द्यायचं. दोन कागद एकावर एक ठेवायचे आणि ट्यूबलाइटसमोर धरायचे. रेषा जुळल्या तर माल सारखा. याला चार हात लागत. कागद वाकला की रेष वाकते, म्हणून दोन टोकं मी धरायची आणि दोन शुभांगीने. शुभांगी माझ्या आधीपासून तिथे होती. ती कागदाकडे कमी बघायची आणि बोलायची जास्त. "अगं, हा कागद कालचा आहे." "अगं, याच्यावर स्केल कुठली आहे बघ आधी." मला तिचा वैताग यायचा. तिच्या नवऱ्याची बदली झाली आणि ती कोल्हापूरला गेली. त्याच सुमाराला नवीन सॉफ्टवेअर आलं. वीस फायली निवडा, एक बटण दाबा, वीस रंगांच्या वीस रेषा एकाच चौकटीत. सर म्हणाले, "आता एका माणसात भागेल." भागलं.

मशीनच्या खोलीला खिडकी नाही. बाहेरचा उजेड नको आणि धूळ तर नकोच. सकाळी साडेनऊला मी आत जाते, एसी लावते, आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलतं ते मशीनच, एक नमुना संपला की एकदा 'टीं' करून. तक्रार म्हणून लिहीत नाही. काम कसं असतं ते सांगायचं म्हणून लिहिते.

आता एका गिऱ्हाइकाची गोष्ट. पनवेलकडचे एक गृहस्थ, धंदा रांगोळीचा. दिवाळीच्या दोन महिने आधी ते दोन पुड्या घेऊन आले. एक स्वतःची, एक दुसऱ्या रांगोळीवाल्याची.

"मॅडम, त्याची रांगोळी चिमटीतून सुटते. माझी सुटत नाही, गोळा पडतो. बायका ओरडतात. काय फरक आहे ते सांगा."

मी म्हटलं, "आकारमानानुसार आलेख काढून देते."

"आकारमान म्हणजे?"

आमच्या धंद्यातली ही एक गोष्ट बाहेरच्यांना सांगावीच लागते, इथेही सांगते. परातीत हजार मोहऱ्या आणि एक नारळ आहे असं समजा. नग मोजले तर एक हजार एक. त्यात नारळ एक, म्हणजे जवळजवळ नाहीच. आलेखात तो दिसणार नाही. पण कोणी किती जागा व्यापली ते मोजलं, तर परातीत मुख्यतः नारळच आहे आणि मोहऱ्या कडेला चार. परात तीच, आलेख दोन, आणि दोन्ही खरे. आम्ही बहुतेक वेळा जागा मोजतो, म्हणजे आकारमान.

गृहस्थांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण मॅडम, माझ्या रांगोळीत नारळ नाही हो."

"ते उदाहरण आहे."

"असेल. तुम्ही मला मोजूनच द्या. कण मोजून. बाकीचं मला पटत नाही."

गिऱ्हाइकाला पटेल ते द्यावं. मी मशीनचं सेटिंग बदलून 'संख्या' केलं आणि कण मोजून दिले. त्यांच्या रांगोळीत अगदी बारीक भुकटी फार होती, तीच ओलावा धरून गोळा होत होती. "म्हणजे माझी जास्त बारीक?" ते म्हणाले. "मग माझीच चांगली ना!" आणि पावती न घेताच खूश होऊन गेले.

हे गृहस्थ आले ती सकाळ मला पक्की आठवते, कारण त्याच सकाळी मी पुढचं काम सेटिंग तेच ठेवून सुरू केलं.

पुढचं काम औषधाची पावडर दळून देणाऱ्या एका कारखान्याचं होतं. आमच्यापासून दहा मिनिटांवर. त्यांनी दळलेला एक लॉट गोळ्या बनवणाऱ्या कंपनीने परत पाठवला होता: पावडर जाड आहे, गोळी वेळेत विरघळत नाही. कारखान्यात दळायची मिल एकच, पाळ्या दोन. दोष कुठल्या पाळीचा, हा प्रश्न होता. अर्थात हे सगळं मला नंतर कळलं. आमच्याकडे नमुन्यावर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. कोणाचा माल, कोणी दळला, कोणावर बेतणार, काही माहीत करून घ्यायचं नाही. हा नियम लॅबमध्ये मीच लावून घेतला होता, आणि ऑडिटला आलेल्या माणसाने त्याचं कौतुकही केलं होतं. माहीत नसलं म्हणजे हात एका बाजूला झुकत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे.

दोन डबे आले. एकात नऊ बाटल्या, दुसऱ्यात तीन; नऊ पहिल्या पाळीच्या आणि तीन दुसरीच्या, हेही नंतरच कळलं. एक ते नऊ क्रमाने पहिला डबा संपवला, डबा खाली ठेवला आणि जेवायला गेले. परत आले तर सॉफ्टवेअर अडकलं होतं. बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा चालू झालं की ते आपल्या मूळ सेटिंगवर जातं. मूळ सेटिंग आकारमानाचं. म्हणजे जेवणाआधीच्या नऊ बाटल्यांतल्या मोहऱ्या मोजल्या गेल्या आणि जेवणानंतरच्या तीन बाटल्यांत नारळ. मला दोन्हीपैकी काही लक्षात आलं नाही. नमुने मिसळून घ्यावेत, एका डब्याचे सलग घेऊ नयेत, हे मी नवीन माणसांना शिकवते. त्या दिवशी मी सलग घेतले. डबे दोन होते आणि मधे जेवण होतं, एवढंच कारण.

बाराही फायली निवडल्या आणि बटण दाबलं. इतकं स्वच्छ चित्र मी क्वचित पाहिलं होतं. नऊ रेषा डावीकडे एका उंचवट्यात. तीन रेषा थोड्या उजवीकडे, आणि त्यांना पुढे दुसरा ठळक उंचवटा. उभ्या अक्षावर नुसतं टक्क्याचं चिन्ह. कशाचे टक्के, ते तेव्हाच्या सॉफ्टवेअरमध्ये आतल्या एका पानावर असायचं. ते पान उघडायची मला गरज वाटली नाही. मी रिपोर्टमध्ये लिहिलं: पहिले नऊ नमुने समाधानकारक, शेवटच्या तीन नमुन्यांत जाड कणांचा वेगळा गट आढळतो. खाली माझी सही.

इथवर खरं तर मला लाज वाटावी असं काही नाही. चुका होतात. पुढचं सांगायला मला जड जातं.

साधारण पंधरा दिवसांनी वॉचमन जाधवांनी इंटरकॉम केला. जाधव आमच्याच साताऱ्याकडचे, उगाच वर फोन करणारे नव्हेत.

"मॅडम, खाली एक माणूस आलाय. बाळाराम मढवी नाव सांगतोय, घणसोली गावातला. म्हणतोय तुमच्या रिपोर्टमुळं त्याचं काम गेलं."

"कुठला रिपोर्ट?"

"ते काय त्याला सांगता येत नाही. मिलवर होता म्हणतोय. तुमाला पाच मिनिटं भेटायचंय म्हणतोय."

मी म्हटलं, "त्यांना सांगा, आम्ही नमुना तपासतो, माणूस नाही."

हे वाक्य तेव्हा मला आवडलं होतं. नियमाप्रमाणे तर होतंच. जाधवांनी ते खाली जसंच्या तसं सांगितलं असणार, कारण सीसीटीव्हीच्या पडद्यावर तो माणूस मान वर करून कॅमेऱ्याकडे बघताना दिसला. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, हातात प्लॅस्टिकची छोटी पिशवी. मला वाटलं डबा असेल, किंवा कुठल्या देवाचा प्रसाद. तो तिथे बराच वेळ उभा होता. नंतर बघितलं तेव्हा नव्हता.

त्या बारा रेषांच्या चित्राची मी एक मोठी प्रत काढली आणि मशीनच्या वरच्या भिंतीवर चिकटवली. फरक कसा दिसतो याचं उदाहरण म्हणून. कॉलेजची मुलं भेटीला आली की त्यांना मी तेच दाखवायचे. आठ महिने ते चित्र माझ्या डोक्यावर होतं.

आठ महिन्यांनी ते सॉफ्टवेअर जाऊन त्याहून नवीन आलं. चित्राचे रंग फिके झाले होते, म्हणून म्हटलं नवीन प्रत काढू. त्याच बारा फायली निवडल्या, बटण दाबलं. चित्र आलंच नाही. एक चौकट आली. तिचा अर्थ असा: निवडलेल्या फायलींतली मोजणी वेगवेगळ्या प्रकारची आहे, तुलना करता येणार नाही.

मला आधी वाटलं नवीन सॉफ्टवेअर जुन्या फायली नीट वाचत नाही. मग मी आतलं पान उघडलं. पहिल्या नऊ: संख्या. शेवटच्या तीन: आकारमान. आणि फायलींवरची वेळ. नववी दुपारी एकच्या आधीची, दहावी दोननंतरची. माझं जेवण फायलींवर जसंच्या तसं छापलेलं होतं.

मूळ मोजणी फाइलमध्ये असतेच, ती नव्याने मांडता येते. मी बाराही फायली आकारमानावर आणल्या. पुन्हा बटण दाबलं.

बारा रेषा आल्या, पण दिसत होती एकच, जाडसर. बाराही एकमेकींवर बसल्या होत्या. सगळ्यांना पहिला उंचवटा, सगळ्यांना दुसरा. पहिली पाळी, दुसरी पाळी, काही फरक नाही. जाड कण सगळ्याच मालात होते. दोष माणसाचा नव्हता, मिलचा होता.

त्या खोलीत मी एकटी असते हे मी आधी सांगितलं. तेव्हा मला त्याचा एक वेगळाच अर्थ कळला. हे चित्र जगात फक्त मला दिसत होतं. मी ती चौकट बंद केली असती, तर कोणाला कधीच कळलं नसतं. गिऱ्हाइकं आलेख बघत नाहीत, शेवटची ओळ वाचतात. सर सही बघतात. ऑडिटवाले तारखा बघतात. इतकी वर्षं मी जे बघते ते माझ्याबरोबर कोणीच बघत नव्हतं, आणि मला त्याचा अभिमान होता. शुभांगी असती तर पहिल्या दिवशीच म्हणाली असती, "अगं, स्केल बघ आधी."

मी प्रिंट काढून सरांकडे गेले. सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघितली, समजून घेतली, चष्मा काढला.

"आठ महिने झाले, मॅडम. त्यांनी काही विचारलंय का?"

"नाही."

"मग?"

"सुधारित अहवाल द्यावा लागेल."

"पार्टी जाईल."

"जाईल बहुतेक."

"बरं, द्या. कारणाच्या रकान्यात टायपिंगची चूक म्हणून टाका. सगळ्या लॅब तेच टाकतात."

हे खरं आहे. सुधारित अहवालात दुरुस्तीचं कारण लिहायचा रकाना असतो, आणि आमच्या धंद्यात त्या रकान्यात जगभरच्या चुका टायपिंगवर ढकललेल्या असतात. मी म्हटलं, "सर, टायपिंग बरोबर होतं." मी लिहिलं: तुलना करताना मोजणीचा प्रकार तपासला नाही. खाली सही. तेव्हापासून सर माझ्याशी फार बोलत नाहीत. दुपारचा डबा पूर्वी ते मधूनमधून माझ्या टेबलावर येऊन खायचे, आता केबिनमध्ये खातात.

कारखान्याकडून दोन दिवसांनी एका ओळीची पोच आली. मी मॅनेजरना फोन केला.

"हो हो, मिळालं," ते म्हणाले. "मिलची जाळी आम्ही मेन्टेनन्सला बदललीच आहे, कडेला फाटली होती. आता काही टेन्शन नाही."

"आणि ते ऑपरेटर? मढवी?"

"त्याला काय कमी आहे, मॅडम? गावठाणात घर आहे, वर भाडोत्री आहेत. तो काय आपल्यासारखा नोकरीवर जगत नाही. आणि त्या जागी आता दुसरा माणूस आहे. चांगला आहे."

नंतर त्यांनी नमुने पाठवणं बंद केलं.

जाधवांच्या जुन्या रजिस्टरमध्ये नोंद होती. नाव, येण्याची वेळ, 'घणसोली गाव'. जाण्याच्या वेळेचा रकाना रिकामा. शनिवारी अर्धा दिवस असतो, मी रिक्षा करून गेले. टॉवर संपतात तिथे एकदम गावठाण सुरू होतं, घराला घर लागलेलं, रिक्षा आत जात नाही. नाक्यावरच्या किराणा दुकानात बसलेल्या बाईंना विचारलं, "बाळाराम मढवी कुठे राहतात?"

"कोन बाळाराम? हितं चार हायत."

"मिलवर कामाला होते."

"आं, जाळीवाला!" बाई हसल्या. "जाळीवाला बोला ना. सरळ जावा, हिरवा दरवाजा."

मला अर्थ कळायला दोन घरं पुढे जावं लागलं, तिथे ओट्यावर बसलेल्या एकाने सांगितलं. काम लवकर संपवायचं म्हणून मिलची बारीक जाळी काढून टाकली, असा आरोप ठेवून त्यांना काढलं होतं. गावाने त्याचं नाव करून टाकलं होतं.

हिरवा दरवाजा उघडाच होता. ते उंबऱ्याशी बसून पंख्याचं काहीतरी दुरुस्त करत होते. मी नाव सांगितलं, लॅबचं सांगितलं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. आतून त्यांची बायको आली.

"कोन हाय?"

"ती रिपोटवाली मॅडम."

"लवकर आल्या की," ती म्हणाली, आणि पाणी आणायला गेली.

मी पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं. चूक माझी होती, सेटिंग वेगळं होतं, नऊ आणि तीन वेगळ्या पद्धतीने मोजले गेले. मोहऱ्या आणि नारळही सांगितले. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. झाल्यावर म्हणाले, "तुमी त्या दिवशी खाली आल्या असत्या तं?"

"नियम होता."

"माज्या हातात पिशवी होती. बघितली तुमी?"

"हो. डबा असेल असं वाटलं."

"डबा नाय. पयल्या पाळीची पावडर होती. जाताना मूठभर घेतली मी. तुमाला सांगनार होतो, ही पन तपासा. ही पन तशीच हाय." त्यांनी अंगठा आणि दोन बोटं एकमेकांवर चोळून दाखवली. "एकोनीस वर्सं मिलवर होतो, मॅडम. हाताला कळतं. रवा लागतो. जाळी फाटली बोलून मी पाळी बदलताना दोनदा सांगितलेला. पन माजं कोन ऐकनार, तुमचा कागद आलेला."

"ती पिशवी आहे अजून?"

"फेकली. घरात ठेवून काय करू?"

पाच मिनिटं मागितली होती त्यांनी. ती पावडर मी मशीनमध्ये घातली असती तर सेटिंग मूळ जागी होतं. दुसरा उंचवटा त्याच दुपारी दिसला असता. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते माझ्या आधी कळलेलं होतं.

ते उठले, आत गेले, आणि काढून टाकल्याच्या पत्राबरोबर मिळालेली माझ्या जुन्या रिपोर्टाची झेरॉक्स घेऊन आले. घड्यांवर फाटायला आलेली. "नवा द्या," म्हणाले. मी सुधारित अहवालाचं चित्राचं पान दिलं. त्यांनी जुन्यावर नवं ठेवलं आणि दाराच्या उजेडात वर धरलं. त्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं. जुना कागद मऊ पडला होता, एका बाजूने वाकत होता. मी दुसरं टोक धरलं.

"ह्यात मी कुठं?"

"जुन्यात या तीन रेषा."

"आन नव्यात?"

"नव्यात वेगळं कोणी नाही. सगळे एकाच रेषेत आहेत."

त्यांनी बराच वेळ बघितलं. बायको पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभी होती, तिनेही मान वाकडी करून बघितलं. माझे हात भरून आले, पण मी सोडलं नाही.

"कागद चांगला हाय," शेवटी ते म्हणाले. "ह्याच्यानं जाळीवाला जातंय काय?"

"नाही जाणार," मी म्हटलं. खोटं सांगून काय उपयोग होता? "पण कोणी विचारलं तर दाखवता येईल."

"विचारतंय कोन?" ते म्हणाले. रागाने नाही. माहिती दिल्यासारखं.

त्यांनी नवा कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि जुना माझ्या हातात दिला. "ह्यो तुमी घेऊन जावा. सही तुमची हाय." चहा कोणी विचारला नाही, आणि ते बरोबरच होतं. मी पाणी प्यायले आणि निघाले. किराणा दुकानातल्या बाईंनी विचारलं, "भेटला का जाळीवाला?" मी म्हटलं, "बाळाराम मढवी भेटले." त्यांना त्यातलं काही लागलं असेल असं वाटत नाही.

भिंतीवर आता दोन्ही चित्रं शेजारी शेजारी आहेत. कॉलेजची मुलं आली की दोन्ही दाखवते. बाळारामांची झेरॉक्स मात्र भिंतीवर नाही, माझ्या खणात आहे. नमुन्यावर नाव न लिहिण्याचा नियम मी तसाच ठेवला आहे, तो नियम चांगला आहे. फक्त जाधवांना एक सांगून ठेवलंय: खाली कोणीही आलं आणि पाच मिनिटं मागितली, की मला फोन करायचा.

ते करतात. मी मशीन थांबवते, दोन मजले उतरून खाली जाते. बहुतेक वेळा कुरिअरवाला असतो. तो माझी सही घेतो आणि जातो.